साडेचार तासांचे अंतर

परदेशी शिक्षणाचे नाव निघाले की प्रथम डोळ्यांसमोर येतात ती छायाचित्रे. नदीवरचा पूल, घड्याळाचा मनोरा, पानगळीने पिवळी झालेली झाडे आणि त्यांच्यासमोर हसतमुखाने उभा असलेला घरचा मुलगा किंवा मुलगी. नातेवाइकांत ती छायाचित्रे कौतुकाने फिरतात. त्यांच्यामागे बहुधा एक वहीही असते. तिच्यातील आकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही.

लंडनमध्ये एका वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या अशाच वहीतील हे एक पान आहे. ही मुलगी बडोद्याची. तीन पिढ्यांपूर्वी गायकवाडांच्या नोकरीनिमित्त दांडिया बाजारात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील. वडील एका कारखान्यात लेखापाल होते, आता निवृत्त आहेत. मुलीला प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी शैक्षणिक कर्जासाठी राहते घर बँकेकडे तारण ठेवले. निघताना आईने लाडू दिले, मामाने पाकिटात जपून ठेवलेल्या वीस पौंडांच्या दोन जुन्या नोटा दिल्या आणि वडिलांनी लाल कापडी बांधणीची एक कीर्द हातात ठेवली. “रोज रात्री शिल्लक काढायची. चुकली तर चुकू दे, पण काढायची,” एवढेच ते म्हणाले.

ऑक्टोबर २०२५ मधील एका शुक्रवारी तिला वर्ग नव्हते. कामे बरीच साठली होती आणि लंडनला येऊन महिना होत आला तरी लंडन पाहणे राहूनच गेले होते. कामे आणि दर्शन एकाच दिवसात उरकण्याचा बेत तिने आखला.

दोन घड्याळे

पहिले काम मात्र लंडनच्या घड्याळावर चालणारे नव्हते. शिक्षणशुल्काचा उरलेला हप्ता पुढील बुधवारपर्यंत विद्यापीठाच्या खात्यात जमा व्हावयाचा होता. शैक्षणिक कर्जाची शुल्काची रक्कम बँक विद्यार्थ्याच्या हाती देत नाही. संस्थेच्या मागणीपत्रानुसार ती थेट संस्थेकडे पाठवते. ते मागणीपत्र विद्यापीठाच्या खिडकीवर शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मिळणार होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत भारताचे घड्याळ ब्रिटनच्या साडेचार तास पुढे असते; त्यानंतर हे अंतर साडेपाच तासांचे होते. म्हणजे लंडनमध्ये नऊ वाजता बडोद्यात दीड वाजलेला असणार. त्या दिवशीच रक्कम पाठवावयाची तर दुपारी तीनपर्यंत पत्र हाती यावे, असे शाखेने सांगितले होते. दुसऱ्या दिवशी दुसरा शनिवार, त्यानंतर रविवार. सोमवारी रक्कम निघाली तर बुधवारी पोहोचेलच, याची खात्री कोण देणार?

सकाळी आठला तिने कॅम्डन टाउनच्या थांब्यावर बस पकडली. लंडनच्या बसमध्ये जुलै २०१४ पासून रोख पैसे चालत नाहीत. कार्ड यंत्राला टेकवावे लागते. एका प्रवासाचे भाडे तेव्हा एक पौंड ७५ पेन्स होते. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे वेगळे भाडे पडत नाही आणि दिवसभरात बसभाडे तेव्हा पाच पौंड २५ पेन्सच्या वर जात नसे. हा नियम तिने पहिल्याच आठवड्यात पाठ करून टाकला होता. दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेजवळ ती बसली. शहर पाहण्यासाठी यापेक्षा स्वस्त जागा लंडनमध्ये नाही.

नऊला खिडकी उघडली तेव्हा तिच्यापुढे अकरा जण होते. दहाला दहा मिनिटे कमी असताना पत्र हाती आले आणि तिच्या पोटात खड्डा पडला. पत्रावर तिचे नाव आणि आडनाव एवढेच होते. पारपत्रावर आणि कर्जखात्यावर मध्ये वडिलांचे नाव आहे. आपल्याकडे तीन शब्दांचे नाव ही साधी गोष्ट, पण परक्या देशातील संगणकाला मधला शब्द अनावश्यक वाटतो आणि इकडे शाखेतील अधिकाऱ्याला त्या शब्दावाचून सही करता येत नाही. ती पुन्हा रांगेत उभी राहिली. इतक्यात बाबांचा निरोप आला : “मी शाखेत बसलो आहे. घाई करू नकोस.” घड्याळ दहा वाजून पाच मिनिटे दाखवीत होते. बडोद्यात अडीच वाजून गेले होते आणि ‘घाई करू नकोस’ या शब्दांतील घाई तिला स्पष्ट ऐकू येत होती.

खिडकीवरील बाईंनी पारपत्र पाहिले, काही न बोलता नाव दुरुस्त केले आणि नवे पत्र छापून त्यावर शिक्का मारला. पत्त्याच्या पुराव्याचे दुसरे पत्रही तिने त्याच वेळी मागून घेतले. दहा वाजून वीस मिनिटांनी फोनवर पत्राची प्रत बडोद्याला गेली. तिकडे दोन वाजून पन्नास मिनिटे झाली होती.

वाचनालयाच्या दारात

उत्तराची वाट पाहत खिडकीशी उभे राहण्यात अर्थ नव्हता. तेथून ब्रिटिश म्युझियम पायी दहा मिनिटांवर. १७५३ मध्ये स्थापन झालेले आणि १७५९ पासून लोकांना खुले असलेले हे संग्रहालय आजही विनामूल्य पाहता येते. इंटरनेटवर वेळ आधी राखून ठेवली की दारातील रांगही टळते.

रोझेटा शिलेसमोर नेहमीप्रमाणे गर्दी होती. एकच मजकूर तीन लिप्यांत कोरलेला हा दगड. त्याच्या आधारे इजिप्तची विसरलेली चित्रलिपी पुन्हा वाचता आली. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्याची पावले मात्र अमरावतीच्या स्तूपावरील शिल्पांकडे वळतात. आंध्रातील त्या पांढुरक्या दगडांवरील माणसे, हत्ती आणि कमळे काचेपलीकडे शांतपणे उभी आहेत. आपल्याच घरातील वस्तू दुसऱ्याच्या दिवाणखान्यात नीट पुसूनपासून मांडलेली पाहावी, तसा संमिश्र भाव तेथे मनात दाटतो. कौतुकही वाटते आणि काही तरी रुततेही.

संग्रहालयाच्या मधोमध, काचेच्या विशाल छताखाली, एक वर्तुळाकार वास्तू आहे. हीच १८५७ मध्ये उघडलेली सुप्रसिद्ध ‘रीडिंग रूम’. येथील ग्रंथसंग्रह १९९० च्या दशकाच्या अखेरीस सेंट पँक्रस येथील ब्रिटिश लायब्ररीच्या नव्या इमारतीत गेला. त्याआधीच्या काळात येथे बसून वाचणाऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. १९२० मध्ये दुसऱ्यांदा लंडनला आल्यावर सकाळी दार उघडताच ते येथे येत आणि दार बंद होईपर्यंत वाचीत बसत, असे त्यांच्या चरित्रात वाचावयास मिळते.

बडोद्याच्या मुलीला या नावाचा एक वेगळा संदर्भ आहे. महाराज सयाजीराव गायकवाडांनी १९१३ मध्ये या तरुणाला अमेरिकेतील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. १९१६ मध्ये ते लंडनला आले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले आणि करारानुसार ते बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. पण ज्या शहराने शिकावयास पाठवले, त्याच शहरात अस्पृश्य म्हणून त्यांना राहावयास जागा मिळाली नाही. सयाजी बागेतील ज्या झाडाखाली ते त्या वेळी विमनस्क बसून होते, ती जागा आज ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते. या मुलीच्या शाळेची सहल तेथे जात असे. सहलीत ऐकलेली ती गोष्ट लंडनमधील या वर्तुळाकार भिंतीशी येऊन पुरी होते, हे तिला त्या दिवशी प्रथमच जाणवले.

चौकातील डबा

साडेबाराच्या सुमारास टॅव्हिस्टॉक चौकातील बागेत तिने डबा उघडला. पोळी, बटाट्याची भाजी आणि आईच्या लाडवांपैकी शेवटून दुसरा लाडू. याच बागेच्या मध्यभागी १९६८ मध्ये बसवलेला महात्मा गांधींचा पुतळा आहे. चबुतऱ्याच्या कोनाड्यात कोणी तरी ताजी फुले ठेवून गेले होते.

बॅरिस्टरीसाठी १८८८ मध्ये लंडनला आलेला काठियावाडचा हा तरुण आरंभी टोपी, सूट आणि नृत्याच्या शिकवणीवर पैसे उधळून बसला होता. मग त्याला थोरल्या भावाची आठवण झाली. कष्टाने पैसा पाठविणारा तो भाऊ डोळ्यांपुढे येताच त्याने खर्च निम्म्यावर आणला, एका खोलीत बिऱ्हाड केले, सकाळचे जेवण स्वतः रांधले आणि गाडीभाडे वाचविण्यासाठी रोज आठ-दहा मैल पायी चालण्याचा परिपाठ ठेवला. बसभाडे, टपाल, वर्तमानपत्राचे दोन पैसे, असा प्रत्येक खर्च तो लिहून ठेवी आणि निजण्यापूर्वी शिल्लक काढी. आत्मकथेत गांधीजींनी हे सारे स्वतःच नमूद केले आहे. पुढे सार्वजनिक कामातील लाखो रुपयांचा हिशेब चोख राहिला, त्याचे श्रेयही त्यांनी या सवयीलाच दिले आहे.

डबा संपत आला तोच फोन वाजला. “झाले. ए-टू फॉर्मवर सही केली, पॅन कार्ड दाखवले, पैसे निघाले,” बाबा म्हणाले. मग जरा थांबून, “आणि बरे का, टीसीएस लागला नाही. मॅनेजरसाहेबांनीच सांगितले.” परदेशी पाठविलेल्या रकमेवर ठरावीक मर्यादेपलीकडे हा कर गोळा केला जातो, पण मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून शिक्षणासाठी जाणाऱ्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून तो आकारला जात नाही. बाबांना त्याचा आनंद एखादी लॉटरी लागल्यासारखा झाला होता. त्यांनी जेवण केले होते का, हे विचारावयाचे तिच्या लक्षात आले, तोवर फोन बंद झाला होता.

दुपारी एकला तिने तेथील बँकेच्या शाखेत पत्त्याचे पत्र दिले आणि आपले विद्यार्थी-खाते सुरू करून घेतले. भिंतीवर मोठ्या अक्षरांत एक सूचना लावली होती : आपले खाते दुसऱ्याचे पैसे फिरविण्यासाठी देऊ नका. ती वाचताना तिला मागच्या आठवड्यातील एक संदेश आठवला. कोणा अनोळखी माणसाने लिहिले होते की, तुमच्या खात्यात काही रक्कम येईल, ती पुढे पाठवा आणि त्यातील काही टक्के स्वतः ठेवा. घरापासून दूर असलेल्या, पैशांची चणचण भासणाऱ्या विद्यार्थ्यांनाच असे संदेश येतात. तो पैसा बहुधा फसवणुकीचा असतो. खाते गोठविले जाते, गुन्हा नोंदला जाऊ शकतो आणि व्हिसाही धोक्यात येतो. तिने तो संदेश तेव्हाच पुसून टाकला होता. तिच्याच वर्गातील एक जण मात्र ‘विचार करतो’ म्हणाला होता. शाखेतून बाहेर पडताच तिने त्या सूचनेचे छायाचित्र त्याला पाठवले.

बाहेर वारा सुटला होता. बडोद्याहून आणलेला स्वेटर या वाऱ्यापुढे टिकणारा नव्हता. वाटेत एक चॅरिटी शॉप लागले. लोकांनी दान केलेले कपडे, पुस्तके, भांडी अशा दुकानांत विकतात आणि मिळालेला पैसा धर्मादाय कामाला जातो. बारा पौंडांत गडद निळा लोकरीचा कोट मिळाला. दुसऱ्याने वापरलेला कपडा घ्यावा की नाही, हा संकोच पहिल्या मिनिटात होता. दारातून बाहेर पडून कोटाची बटणे लावल्यावर तो उरला नाही.

थ्रेडनीडल स्ट्रीट

दुसरी बस तिला ‘बँक’ नावाच्या चौकात घेऊन आली. १६९४ मध्ये स्थापन झालेली बँक ऑफ इंग्लंड थ्रेडनीडल स्ट्रीटवर आहे. तेथे तिचे काम होते ते मामाच्या दोन नोटांचे. २००९ मध्ये कंपनीच्या कामासाठी लंडनला आलेल्या मामाने आठवण म्हणून जपलेल्या या कागदी नोटांवर अर्थशास्त्रज्ञ अॅडम स्मिथ यांचे चित्र होते. पहिल्याच आठवड्यात एका दुकानदाराने त्या नम्रपणे परत केल्या होत्या. वीस आणि पन्नास पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारात चालत नाहीत. त्यांची जागा प्लॅस्टिकसदृश पॉलिमरच्या नोटांनी घेतली आहे. पण बँक ऑफ इंग्लंड आपली कोणतीही खरी जुनी नोट, ती कितीही वर्षांपूर्वी व्यवहारातून गेलेली असो, दर्शनी किमतीला बदलून देते. त्यासाठी बँकेच्या इमारतीतच खिडकी आहे.

रांगेत अर्धा तास गेला. पारपत्र आणि सकाळचेच पत्त्याचे पत्र दाखविल्यावर चित्रकार टर्नर यांचे चित्र असलेल्या दोन नव्या नोटा तिच्या हातात आल्या. नोटेवरील वचन म्हणजे काय, हे वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत वाचून परीक्षेत लिहिलेले असते. ते असे हातात पडते तेव्हा त्याचा अर्थ निराळा लागतो. मामाचे चाळीस पौंड सोळा वर्षांनी वसूल झाले होते.

इमारतीच्या बाजूलाच, बार्थॉलॉम्यू लेनवर, बँकेचे संग्रहालय आहे. तेही विनामूल्य, शनिवार-रविवारी मात्र बंद. तेथील सर्वांत मोठे आकर्षण म्हणजे खऱ्या सोन्याची वीट. पेटीला ठेवलेल्या भोकातून हात घालून ती उचलून पाहता येते. वजन सुमारे १३ किलो. दोन शाळकरी मुलांनी प्रयत्न केल्यावर तिनेही हात घातला. वीट जेमतेम हलली आणि तिला बाबांनी सांगितलेली १९९१ ची गोष्ट आठवली.

त्या वर्षी भारताकडे आयातीची देणी भागविण्यासाठी जेमतेम काही आठवड्यांचे परकीय चलन उरले होते. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जवळजवळ ४७ टन सोने परदेशी तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. त्यासाठी सोने विमानाने ज्या ठिकाणी आणण्यात आले, त्यांत बँक ऑफ इंग्लंडच्या तिजोऱ्या होत्या. देशाचे सोने गहाण पडले, या बातमीने त्या वेळी घरोघर माणसे हळहळली होती. पुढे ते कर्ज फेडले गेले. नोव्हेंबर २००९ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून २०० टन सोने विकत घेतले आणि २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने लंडनमध्ये ठेवलेल्या आपल्या सोन्यापैकी सुमारे १०० टन मायदेशी आणले.

दांडिया बाजारातील घराची कागदपत्रे शाखेच्या कपाटात गेली त्या संध्याकाळी बाबा नेहमीपेक्षा कमी बोलले होते. आई तर देवापाशी बराच वेळ बसून होती. तेव्हा मुलीची समजूत घालण्यासाठीच बहुधा त्यांनी १९९१ ची ही आठवण काढली होती. “तारण ठेवले म्हणजे गमावले नव्हे. सोडवायचे असते म्हणूनच ठेवतात,” असे ते म्हणाले होते. त्या वेळी हे वाक्य तिला नुसत्या धीराचे वाटले होते. तेरा किलोंची वीट पेलताना मात्र सोडविण्याच्या कामाचे वजन केवढे असते, हे तिच्या मनगटाला कळले.

टेकडीवरून

तेथून ऑल्डविचपर्यंतचे दोन-अडीच किलोमीटर ती चालत गेली. वाटेत क्रिस्टोफर रेन यांनी बांधलेले सेंट पॉल्स कॅथीड्रल. आत जाण्यास तिकीट आहे; तिने बाहेरूनच घुमट पाहिला. पुढे ऑल्डविचला भारतीय उच्चायुक्तालयाचे ‘इंडिया हाऊस’. १९३० मध्ये उघडलेल्या या इमारतीचे वास्तुरचनाकार हर्बर्ट बेकर. नव्या दिल्लीच्या उभारणीत लट्यन्स यांचे सहकारी असलेल्या याच बेकर यांनी बँक ऑफ इंग्लंडच्या इमारतीचीही पुनर्रचना केली. नुकत्याच पाहिलेल्या भिंतींची नातेवाईक भेटावी, तशी ती इमारत तिला वाटली. जवळच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स. येथेच आंबेडकरांना १९२३ मध्ये डी.एस्सी. ही पदवी मिळाली. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा रुपयावरील त्यांचा प्रबंध त्याच वर्षी लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि १९२५ मध्ये त्यांनी भारतीय चलनासाठी नेमलेल्या शाही आयोगापुढे साक्ष दिली.

हे शिक्षण पुरे करण्यासाठी पैसा कोठून आला? मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून साठवलेली शिल्लक, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्जाऊ घेतलेले पाच हजार रुपये. बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजना तेव्हा नव्हत्या. एका मित्राचा विश्वास एवढेच तारण होते.

पाच वाजता तिने तिसरी बस धरली, यूस्टन स्थानकाजवळ उतरली आणि ड्रमंड स्ट्रीट गाठला. भारतीय वाणसामान आणि शाकाहारी खानावळी यांसाठी ही गल्ली प्रसिद्ध आहे. दिवाळी दहा दिवसांवर आली होती. बेसन, जाड रवा, पोहे, हिंग आणि ओवा एवढे घेतले. आठ पौंड ४० पेन्स झाले. तयार फराळाची पाकिटे तिने हातात घेऊन परत ठेवली. घरातील तीन मैत्रिणींपैकी एक तमिळ, एक नायजेरियाची आणि एक पोलंडची. शेव आपणच करू, असे ठरले होते. सोऱ्या नव्हता, काही तरी युक्ती काढावी लागणार होती. पहिल्या बसपासून तास पुरा होण्यापूर्वी तिने चॉक फार्मची बस गाठली, त्यामुळे या प्रवासाचे वेगळे भाडे पडले नाही.

चॉक फार्मपासून थोड्याच अंतरावर, किंग हेन्रीज रोडवर दहा क्रमांकाचे घर आहे. डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये येथे राहत होते, अशी निळी गोल पाटी भिंतीवर दिसते. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेतले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. हातात वाणसामानाची पिशवी घेऊन ती पदपथावर उभी राहिली. इतर घरांसारखेच एक घर. पायऱ्या, दार, खिडक्या. परदेशातील या अनोळखी गल्लीत ज्याला राहावयास खोली मिळाली, त्याला तिच्या गावात मिळाली नव्हती. नमस्कार करावा की मान खाली घालावी, हे तिला क्षणभर कळेना. तिने दोन्ही केले.

जवळच प्रिमरोज हिल ही सुमारे ६३ मीटर उंचीची टेकडी आहे. ती माथ्यावर पोहोचली तेव्हा सूर्य नुकताच मावळला होता. दूरवर दुपारी पायथ्याशी उभे राहून पाहिलेला सेंट पॉल्सचा घुमट आता लिंबाएवढा दिसत होता. लंडनमधील काही जागांवरून हा घुमट दिसत राहावा म्हणून मधल्या पट्ट्यात उंच इमारतींवर निर्बंध आहेत. त्या जागांपैकी ही एक. एकेक करून दिवे लागत गेले. तिने छायाचित्र काढले. बडोद्यात रात्रीचे अकरा वाजून गेले होते, पण आई जागी असणारच.

शेवटच्या बसचे भाडे पडले नाही. दिवसाची मर्यादा पुरी झाली होती.

दिवसाचा हिशेब

रात्री जेवण आटोपल्यावर लाल कीर्द उघडली गेली. जमा : मामाचे ४० पौंड. खर्च : बसभाडे पाच पौंड २५ पेन्स, कोट बारा पौंड, वाणसामान आठ पौंड ४० पेन्स, एकूण २५ पौंड ६५ पेन्स. शिल्लक १४ पौंड ३५ पेन्स. पहिल्या आठवड्यात ती प्रत्येक पौंडाला रुपयांनी गुणत असे आणि त्या गुणाकाराने तिला सफरचंदही घेववत नसे. एका अनुभवी विद्यार्थिनीने तिला सांगितले होते की, गुणाकार रोज करू नये, महिन्यातून एकदा करावा. रोज केला तर शिकणे होत नाही आणि कधीच केला नाही तर घर विसरते. त्या रात्री मात्र तिने तो केला. सुमारे तीन हजार रुपये झाले.

शिक्षण सुरू असताना ब्रिटनमध्ये विद्यार्थ्याला सत्रकाळात आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. शनिवार-रविवारचे तिचे काम पुढच्या आठवड्यापासून सुरू होणार होते. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष, एवढी कर्जफेडीची सवलत साधारणपणे शैक्षणिक कर्जाला असते; व्याजाची आकारणी मात्र त्या काळातही चालूच राहते. जमेल तसे ते व्याज आधीपासून भरीत गेले तर पुढचा हप्ता हलका होतो. जुन्या करपद्धतीत या व्याजावर परतफेडीच्या आठ वर्षांपर्यंत आयकरात वजावटही मिळते. बाबांनी हे सारे कीर्दीच्या पहिल्या पानावर आपल्या वळणदार अक्षरात लिहून ठेवले होते. तिने ते पुन्हा वाचले.

शैक्षणिक कर्जाच्या अर्जात उत्पन्न, तारण, मार्जिन, जामीनदार असे अनेक रकाने असतात आणि ते सारे आवश्यकच आहेत. दुपारी दीड वाजल्यापासून शाखेच्या बाकावर न जेवता बसून राहिलेला बाप त्यांतील कोणत्याच रकान्यात मावत नाही. तरीही परतफेडीची खरी हमी तोच असतो, हे काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या माणसांना ठाऊक असते. आणि सातासमुद्रापार, वीट उचलून पाहणाऱ्या, वापरलेला कोट अंगावर चढवणाऱ्या, फराळाचे पाकीट परत ठेवणाऱ्या मुलीलाही.

कीर्द मिटण्यापूर्वी तिने शेवटचे पान उघडले. सवलतीचा काळ संपून पहिला हप्ता ज्या महिन्यात सुरू होईल, तो महिना आणि ते वर्ष तेथे लिहिले. त्याखाली थोडी जागा सोडली आणि आणखी एक ओळ लिहिली : घराची कागदपत्रे घरी. तिच्यापुढची तारीख मात्र तिने कोरी ठेवली.

मग बाबांना निरोप पाठवला : “शिल्लक जुळली. तुम्ही दुपारी जेवला होता का?”

लंडनमध्ये दहा वाजले होते, बडोद्यात अडीच. उत्तर सकाळीच येणार होते.